टेबलाचं डोकं कोणीकडे

यवतमाळच्या मे महिन्याबद्दल मी काहीही सांगितलं की लोक म्हणतात, हा वाढवून सांगतो. म्हणून इथं कमी करूनच लिहितो. त्या वर्षी ऊन एवढंच होतं की डांबरी रस्त्याला चप्पल चिकटली की माणूस तसाच पुढं निघून जायचा आणि चप्पल दिवस बुडाल्यावर आपली आपण घरी यायची. अशा उन्हात गळ्याला बो आवळून, अंगात काळं बिनबाह्यांचं जाकीट चढवून चौसष्ट माणसं आमच्या गावातल्या एका मंगल कार्यालयात स्नूकर खेळायला जमली होती. राज्य मानांकन स्पर्धा! पुण्या-मुंबईचे, नागपूरचे, ज्यांचं पोटच या खेळावर चालतं असे लोक. आणि त्या चौसष्टांत एक मी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना दोन ओळींत सांगतो. बारा फुटांचं टेबल, त्यावर बनात म्हणजे ताणलेलं हिरवं लोकरी कापड, कडेला सहा पॉकेटं. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत, आणि एक पांढरा. पांढऱ्याला काठीनं मारायचं आणि पांढऱ्यानं बाकीच्यांना पॉकेटात घालायचं. लाल एक गुणाचा, काळा सात गुणांचा. बस. उरलेलं सगळं म्हणजे हात, नशीब आणि तोंड. तोंडाच्या बाबतीत मी तेव्हाही राज्यात पहिला होतो, पण त्याची यादी निघत नाही.

यादी निघते ती खेळाची. नियम असा होता की मुख्य फेरीतली एक मॅच जिंकली की तुमचं नाव राज्याच्या मानांकन यादीत छापून येणार आणि नावासमोर नंबर पडणार. आमच्या जिल्ह्यातल्या एकाही माणसाच्या नावासमोर तोवर असा नंबर नव्हता. नेरपासून उमरखेडपर्यंत कोणाच्याच नाही. मला तो नंबर पाहिजे होता. कीर्तीसाठी नाही, खोटं कशाला बोलू, कीर्तीसाठीही, पण मुख्य म्हणजे पुराव्यासाठी. गावात माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. छापलेल्या कागदावर ठेवतात.

याला कारण होता एक फळा.

आमचा क्लब म्हणजे कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारातलं एक टिनाचं शेड. मालक एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांना सगळं गाव ड्रायव्हरसाहेब म्हणायचं. माणूस कडक. तीस वर्षं गाडी चालवून त्यांना एक सवय लागली होती, आरशात दिसल्याशिवाय मागं काही आहे असं मानायचं नाही. शेडच्या भिंतीवर त्यांनी शाळेचा जुना फळा टांगला होता. एका दमात कोणी किती गुण केले ते त्यावर खडूनं लिहायचे, पण दोन साक्षीदार असतील तरच. मी एका दुपारी एकटाच खेळताना एका दमात ब्याण्णव केले होते. साक्षीदार म्हणजे शेडच्या दाराशी बांधलेली शेळी.

"शेळीले विचारा," मी म्हणालो होतो.

"इचारलं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "ते म्हणते मी तवा चरून राह्यलती."

झालं. तेव्हापासून ब्याण्णव म्हटलं की यवतमाळात लोक शेळीसारखं ओरडत. त्यात मी टिपेश्वरच्या वाघाची हकीकत सांगून बसलो होतो. काठीच्या लांब पेटीला बंदूक समजून त्या वाघानं माझ्यासमोर दोन्ही पंजे वर केले होते, ती. ती खरी आहे, पण तो विषय वेगळा.

पोटापाण्याला मी कापसाचा ग्रेडर. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत जिनिंगवर गाड्या येतात, शेतकरी गाडीवरचं पाल सोडतो, आणि मी मुठीत कापूस घेऊन सांगतो की धागा किती लांब, किती मजबूत, पहाटेचं दंव प्यालेला आहे की सुका. आता यंत्रं आलीत, पण यंत्राला चहा पाजून गप्पा मारता येत नाहीत म्हणून मी अजून आहे. माझ्या बोटांबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच की डोळ्यांवर पट्टी बांधून कापूस हातात दिला तर तो कोणत्या तालुक्याचा, कोणत्या वेचणीचा, आणि वेचणाऱ्या बाईचं सासूशी पटतं की नाही, एवढं सांगतो. मे महिन्यात खरेदी बंद असते, म्हणजे मी आणि माझी बोटं दोघंही रिकामी.

स्पर्धेसाठी तीन टेबलं लागणार होती. दोन नागपूरहून ट्रकनं आली. तिसरं आमच्या शेडातलं, वीस माणसांनी दगडाच्या पाट्या सुट्या करून हातोहात नेलं. टेबलं जोडायला, वर नवी बनात ताणायला नागपूरचे एक मिस्त्री आले होते. आदल्या दिवशी सकाळी ड्रायव्हरसाहेब पाहुणे खेळाडू उतरवून घ्यायला बसस्टँडवर गेले आणि मिस्त्रींना चहा-पाणी बघायला मला ठेवून गेले. आमचं जुनं कापड काढायच्या आधी मिस्त्रींनी त्यावरून तळहात फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फिरवला आणि मला म्हणाले, "भाऊ, हे कोणं लावलं?"

"काहून?"

"उलटं हाय ना बाप्पा!"

मग त्यांनी मला समजावलं. बनातीला लव असते, मखमलीसारखी, मांजराच्या पाठीसारखी. जिथून खेळ सुरू होतो, म्हणजे पांढरा ठेवतात ती अर्धगोलाची बाजू, तिथून ती लव समोरच्या टोकाकडे, काळ्या चेंडूच्या बाजूकडे झोपलेली पाहिजे. जगातल्या सगळ्या टेबलांवर तशीच असते. जोरात मारलेल्या चेंडूला फरक पडत नाही. पण हळू मारलेला चेंडू टेबल आडवं ओलांडायला लागला की दम सुटता सुटता लवेच्या दिशेनं सरकतो. सगळ्या जगात तो काळ्याच्या बाजूला सरकतो. आमच्या शेडात अकरा वर्षं तो अर्धगोलाच्या बाजूला सरकत होता.

अकरा वर्षं! आमची पोरं अमरावतीला जाऊन हरली, अकोल्याला हरली, नागपूरला तर जेवणाआधीच हरून परत आली. आम्ही म्हणायचो पाणी लागलं, जागरण झालं, तिकडचे लोक नजर लावतात. आणि प्रत्यक्षात आमचा प्रत्येक हळू चेंडू दुप्पट चुकत होता. एकदा तिथल्या लवेनं, आणि एकदा आम्ही आमच्या सवयीनं आधीच उलटीकडे धरलेल्या नेमानं.

मला तो दिवस लख्ख आठवला. शेडात टेबल आलं तेव्हा कापड लावायला ड्रायव्हरसाहेबांनी आमच्या चौकातल्या गादीवाल्या चाचांना बोलावलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरणारा, मखमलीचे लोड शिवणारा माणूस. त्यांच्या धंद्याचा कायदा एकच, लव डोक्याकडून पायाकडे. झोपणाऱ्याचा हात खाली फिरला की गुळगुळीत लागला पाहिजे. म्हणून त्यांनी कापड खांद्यावर टाकून, अगदी अदबीनं विचारलं होतं, "साहेब, टेबल का सिर किधर है?"

आणि ड्रायव्हरसाहेबांनी क्षणाचाही विचार न करता काळ्याच्या टोकाकडे बोट केलं होतं. "गाडी इकून सुटते अन् तिकडं जाते. मंग तोंड तिकडंच असंन ना!"

बसचं डोकं जिकडं बस चालली तिकडं. गादीवाल्यानं गादीचा विचार केला, ड्रायव्हरनं गाडीचा, आणि स्नूकरचा विचार करणारं तिथं कोणी नव्हतं. मी होतो, पण मी तेव्हा चहा पीत होतो. पुढं दोन वेळा कापड बदललं, दोन्ही वेळा चाचांनीच, पहिल्यासारखंच.

तुम्ही म्हणाल, तू एवढा बोटांचा शहाणा, तुला अकरा वर्षं कळलं नाही? लव बोटांना कळत होती हो. पण उलटी आहे हे कळायला सुलटी पाहिलेली असावी लागते, आणि बाहेरगावी गेल्यावर हरायच्या घाईत टेबलावर हात कोण फिरवतो?

मिस्त्रींनी नवं कापड तिन्ही टेबलांवर सुलटं ताणलं, गरम इस्त्री फिरवली, आणि दुपारच्या गाडीनं वर्ध्याला दुसऱ्या कामावर निघून गेले. म्हणजे या शोधाचा साक्षीदार पुन्हा मी एकटाच. या वेळी शेळीसुद्धा नव्हती.

मी धावत सुटलो. कार्यालयाच्या मागच्या मांडवात पाहुण्यांसाठी रोडगे आणि वांग्याची भाजी शिजत होती आणि आमच्या क्लबाचे बाकीचे चार खेळाडू ड्रायव्हरसाहेबांसोबत चुलीभोवती उभे होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. लव, मांजराची पाठ, गादी, बस, अकरा वर्षं. मग एकानं हळूच शेळीचा आवाज काढला.

"मिस्त्रीले फोन लावतो मी," मी म्हणालो.

"राहू दे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "तू ज्याले फोन लावशीन तो तुहाच माणूस असंन. मांगं त्या वनअधिकाऱ्याले लावलता फोन, वाघासाठी. थो तुहा साळा निघाला."

"साहेब, शप्पथ..."

"हे पाय," त्यांनी हातातला झारा माझ्यावर रोखला. "उद्या पोरायच्या मॅचा हायेत. त्यायच्या डोक्यात किडे नको सोडू. अकरा वर्षं म्हणे उलटं! मंग मी का अकरा वर्षं उलटी गाडी चालवून राह्यलतो काय?"

नेमकं तेच तर म्हणत होतो मी. पण झाऱ्यासमोर कोण बोलणार? आता इथं एक कबुली देऊन टाकतो. मी खरं सांगितलं, पण बसच्या डोक्याचा भाग मी जरा नकला करून सांगितला. गंभीर चेहऱ्यानं सांगितला असता तर कदाचित पटला असता. पण गंभीर चेहरा माझ्याकडे नाही, तो बायकोच्या माहेरून आलाय आणि तिच्याकडेच असतो.

मग मी आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग केला. रोडगे सोडले. मांडवात तूप ओतल्याचा आवाज येत होता आणि मी रिकाम्या हॉलमध्ये एकटा, टेबलावर वाकून, हळू चेंडू आडवे सोडत होतो. डोळा म्हणे असा मार, अकरा वर्षांची सवय. डाव्या हाताची बोटं कापडावर टेकलेली असतात काठीला टेकू द्यायला, ती म्हणत, थांब, लव तिकडं झोपली आहे. पहिला तास डोळा जिंकला. दुसऱ्या तासाला भांडण लागलं. चार वाजेपर्यंत मी डोळ्याला सांगितलं, तू फक्त पाहा, बोलू नको. वऱ्हाडी माणसानं रोडगे सोडून सराव केल्याची इतिहासात दुसरी नोंद सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचे चौघं एकामागून एक हरले. खेळत छान होते. लांबचे, जोराचे फटके खणखणीत. पण हळू चेंडू मधल्या पॉकेटाकडे सोडला की तो दारात पोचून शेजारच्या घरी जायचा. चौथा हरून आला तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "गरमीनं होऊन राह्यलं हे." आता सगळ्या जिल्ह्याचा नंबर माझ्या एकट्याच्या काठीवर आला होता.

माझ्यासमोर पुण्याचा खेळाडू होता. राज्यात पहिल्या दहांत, विशी-पंचविशीचा, हा खेळ म्हणजेच त्याची नोकरी. वागायला इतका गोड की राग येईना. हस्तांदोलन करताना म्हणाला, "काका, तुमचा बो जरा तिरका झालाय." नीट करून दिला आणि मग पहिली फ्रेम, म्हणजे पहिला डाव, असा खेळला की मला खुर्चीतून उठायचं कामच पडलं नाही. पाचपैकी तीन फ्रेम जिंकायच्या होत्या. त्याची एक झाली तेव्हा माझा चहाही निवला नव्हता.

तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हजेरी घेतल्यासारखी माझ्याकडे पाहत होती. मध्यंतरात जवळ आली आणि पदरानं माझा घाम पुसायच्या निमित्तानं म्हणाली, "अहो, कापडाचं काल घरी सांगितलं ते खरं आहे काय?"

"तुह्या गळ्याची शप्पथ."

"माझा गळा सोडा. खरं असंन तर तसं खेळा ना मग. त्याच्यासारखं कायले खेळून राह्यले?"

दिवसभरात मला भेटलेला तो एकमेव शहाणा माणूस. खरंच, मी त्याच्यासारखा जोरात खेळायला गेलो होतो. दुसऱ्या फ्रेमला टेबलाशी गेलो, बोटं टेकवली, आणि बोटांनी आणखी एक बातमी दिली. पाहुण्यांना गरमी होते म्हणून आयोजकांनी हॉलमध्ये चार मोठे कूलर लावले होते, वाळ्याच्या ताट्यांवर धो धो पाणी. कापड नवं, लव जाड, आणि ती सकाळपासून ओलावा पीत होती. दंव प्यालेला कापूस मुठीत जसा जड, आळशी लागतो ना, अगदी तसा स्पर्श. म्हणजे हळू चेंडू आज कालच्यापेक्षाही जास्त सरकणार होता. पुण्याचा पोरगा एसीतल्या, सुक्या, झिजलेल्या कापडावर वाढलेला. लव त्याला माहीत होती, पण आजचा ओलावा त्याच्या हिशेबात नव्हता.

मी ठरवलं, आजचा खेळ बैलगाडीच्या चालीनं. काहीही जोरात मारायचं नाही आणि त्यालाही मारू द्यायचं नाही. पांढरा अशा जागी नेऊन ठेवायचा की त्याला हळूच मारावं लागेल. एक लाल त्यानं मधल्या पॉकेटाकडे अलगद सोडला, तोंडाशी पोचून तो दोन बोटं सरकला आणि जबड्याला, म्हणजे पॉकेटाच्या कडेला, लागून उभा राहिला. त्यानं कापडाकडे पाहिलं. मग कूलरकडे पाहिलं. तोवर मी खुर्चीतून उठलो होतो. ती फ्रेम मी घेतली. तिसरी त्यानं चिडून, सगळं लांबून, ताडताड मारून घेतली. चौथी इतकी हळू झाली की मधेच रेफ्रीनं घड्याळ कानाला लावून पाहिलं. ती माझी. दोन-दोन.

आता पाचवीचं सांगतो. हॉल भरला होता. हरलेले चौघं, ड्रायव्हरसाहेब, गादीवाले चाचा, जिनिंगवरचे हमाल, माझ्या बायकोच्या शाळेतल्या बाया. अर्ध्या लोकांना खेळ कळत नव्हता, पण आपला माणूस कोणता एवढं कळत होतं. टेबल रिकामं होत होत शेवटी त्यावर उरले दोघंच, पांढरा आणि काळा. गुणांचा फरक असा की काळा ज्याचा त्याची मॅच. पुण्याच्या पोरानं काळा लांबून मारला, तो पॉकेटाच्या कोपऱ्याला आदळला आणि परत येऊन माझ्यासाठी मांडून ठेवल्यासारखा थांबला. पलीकडच्या कडेजवळ. समोर आडवं सगळं टेबल, आणि टेबलापार माझं मधलं पॉकेट.

अडचण एकच. जोरात मारला तर काळा पडेल, पण पांढराही उसळून कोपऱ्यातल्या पॉकेटात पडणार आणि सगळं संपणार. म्हणजे काळा एवढाच हळू मारायचा की तो दारापर्यंत पोचेल आणि उंबऱ्यावर दम सोडेल. हळू, आडवा, मधल्या पॉकेटात. आमच्या पाचही जणांचं वाटोळं करणारा नेमका तोच फटका.

मी वाकलो. आणि शेजारच्या लॉनवरून भोंग्यातून आवाज आला, "स्वस्ति श्री गणनायकं..."

बाजूला लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली होती. रेफ्रीनं हात वर केला, "शांतता होईपर्यंत थांबा." मी सरळ उभा राहिलो. पहिलं कडवं भटजींचं झालं. दुसरं मुलीच्या मावशीनं घेतलं, स्वतः रचलेलं, त्यात दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांची नावं. तिसरं काकांनी. चौथंही काकांनीच, सूर पुन्हा सापडला म्हणून. पाचवं एका मामांनी. प्रत्येक कडव्याला "सावधान" येई आणि सगळा हॉल दचकून माझ्याकडे पाही.

पुण्याच्या पोरानं घाम टिपत विचारलं, "काका, अजून किती?"

"आता मामाचं व्हायचं हाय," मी म्हणालो.

"मामाचं झालं ना मघाशी?"

"तो मुलाचा मामा. मुलीचा बाकी हाय."

शेवटचं "शुभ मंगल सावधान" झालं आणि मी सुटकेचा श्वास घेतो तोच बँड लागला. ताशा, ट्रम्पेट, सगळं. तेव्हा ड्रायव्हरसाहेब उठले. एसटीत तीस वर्षं मागच्या सीटपर्यंत पोचलेला तो आवाज त्यांनी खिडकीतून सोडला, "अरे थांबा रे दोन मिंटं! तुमचं लागलं, आता आमचं लागू द्या!"

बँड थांबला. मी कमी करूनच सांगतो, पण रस्त्यावरची वाहनंसुद्धा थांबली. कूलरची मोटर दबकली. थोड्या वेळानं मागच्या दारात बँडवाले आणि त्यांच्यामागं बाशिंग बांधलेला नवरदेव येऊन उभा राहिला, नवरीला तिकडं तसंच सोडून.

मी पुन्हा वाकलो. बोटं टेकवली. डोळा म्हणाला, पॉकेटाच्या काळ्याच्या टोकाकडच्या जबड्यावर धर, चेंडू अर्धगोलाकडे सरकतो. अकरा वर्षं सरकलाय. बोटं म्हणाली, अर्धगोलाकडच्या जबड्यावर धर, आणि दोन बोटं नाही, आज तीन. मी बोटांचं ऐकलं आणि काठी सोडली. सोडली म्हणजे झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण टाकावं तशी.

काळा निघाला. पॉकेटाच्या सरळ चुकीच्या बाजूला निघाला. खेळ कळणाऱ्या प्रत्येक यवतमाळकराला माहीत होतं की आता तो आणखी तिकडंच सरकणार. ड्रायव्हरसाहेबांनी डोळे मिटले. हरलेल्या चौघांनी एका सुरात म्हटलं, "गेला!" बायकोनं मात्र डोळे मिटले नाहीत, हे मी नंतर चौकशी करून पक्कं केलं. अर्ध्या टेबलावर तो सरळ होता. पाऊण टेबलावर सरळ होता. मग त्याचा दम सुटायला लागला, आणि तो वळला. जावई पंगतीत आपलं पान ओळखून वळतो ना, तसा सावकाश, मानानं, काळ्याच्या टोकाकडे वळला, पहिल्या जबड्याला हलकासा खांदा लावला, उंबऱ्यावर एकदा थांबून मागं वळून पाहिलं, आणि आत पडला.

टप्प असा आवाज झाला. मग दुसरा कोणताच आवाज ऐकू आला नाही, कारण बँडवाल्यांनी जागच्या जागी ताल धरला. मला उचललं कोणी ते कळलं नाही. नवरदेवाचं बाशिंग माझ्या हातात कसं आलं तेही कळलं नाही. पुण्याचा पोरगा हसत हसत पुढं आला, म्हणाला, "काका, तो चेंडू एवढा सरकेल हे तुम्हाला कसं कळलं?"

"कापूस ओला होता," मी म्हणालो. त्याला काही समजलं नाही, पण हात जोरात दाबला त्यानं.

आनंदाच्या त्या गोंधळात एक माणूस शांत होता. गादीवाले चाचा टेबलाशी गेले, परवानगी विचारून तळहात फिरवला. इकडून तिकडं, तिकडून इकडं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ड्रायव्हरसाहेबांना म्हणाले, "मैंने पूछा था साहब. सिर किधर है, पूछा था मैंने."

ड्रायव्हरसाहेबांनीही हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. हरलेले चौघं जवळ आले, त्यांनीही फिरवला. त्यांच्या तोंडावर काय काय उमटत गेलं ते मी इथं लिहीत नाही, कारण आजवर कशाचाच इतका आनंद मला झाला नाही आणि तो थोडा वाईट आनंद होता. पण एकाचा चेहरा उजळला तो मला आवडला. अमरावतीला, अकोल्याला, नागपूरला हरलेला तो पोरगा एवढंच म्हणाला, "म्हणजे आपण वाईट नव्हतो खेळत!"

दुसऱ्या फेरीत मी वीस मिनिटांत हरलो. त्याबद्दल कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. काही दिवसांनी यादी आली. माझं नाव, त्यापुढं आमच्या जिल्ह्याचं नाव, आणि नंबर एकसष्ट. ड्रायव्हरसाहेबांनी ती शेडात फळ्याशेजारी चिकटवली. टेबल परत आलं होतं, लव सुलटी. पोरं आता सुलटं शिकत होती आणि रोज एकमेकांच्या अकरा वर्षांवर हसत होती. अधूनमधून एखादा जुना माणूस उलटीकडे नेम धरायचा, आणि चौघं मिळून ओरडायचे, "सिर किधर है?"

एका दुपारी सगळे जमलेले असताना ड्रायव्हरसाहेब खडू घेऊन फळ्यापाशी गेले. घसा खाकरून म्हणाले, "गड्या, मी तुह्यावर अन्याय केला. कापडाचं खरं होतं. तं मंग शेळीवालंही खरंच असंन." आणि फळ्यावर माझं नाव लिहिलं. मग मागं वळून विचारलं, "ब्याण्णवच ना?"

शेळीचा आवाज कोणी काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघणाऱ्या आकड्याची लोक वाट पाहत होते, जसं काही तो खराच असणार. मोठी जबाबदारी असते ती. एकसष्ट नंबरच्या माणसानं ती हलक्यात घेऊन चालत नाही. मी खाली मान घातली, अगदी मनापासून विचार केला, आणि म्हणालो, "नाही साहेब. आता खरंच सांगतो. एकोणनव्वद होते."

सगळ्या शेडानं टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरसाहेबांचे डोळे भरून आले. "पाहा," ते पोरांना म्हणाले, "असा पाह्यजे माणूस. तीन कमी करून सांगून राह्यला."

एकोणनव्वद अजून त्या फळ्यावर आहे. बायको डबा द्यायला येते तेव्हा त्याच्याकडे पाहते, मग माझ्याकडे पाहते, आणि पदर तोंडाला लावते. कारण ब्याण्णवच्या त्या दुपारी शेळीला तिथंच सोडून मी घरी पळालो होतो, आणि आकडा वाढायला लागायच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा तिलाच सांगितला होता. तो तिच्याजवळ सुरक्षित आहे. एकसष्ट मात्र छापलेला आहे, कोणीही येऊन वाचावा.